घाटाखालचे तीस मीटर : खोल डायव्हिंगची तयारी कोल्हापुरातून

मालवणला जाऊन आलेला कोल्हापूरकर दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, सुरमईची थाळी कितीला पडली. दुसरी, ‘स्कूबा केलं भावा, नाद खुळा!’ मग मोबाईल पुढं येतो. तोंडात टँकमधली हवा देणारा रेग्युलेटर, बोटांचा केलेला ओकेचा गोल, आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि मागं टँकला धरून असलेला गाइड. त्यात वाईट काही नाही, माझीही सुरुवात तिथंच झाली. पण ती डाईव्ह आणि तीस मीटरवरची डाईव्ह यांच्यामध्ये दोन-तीन कोर्स, वीस-पंचवीस डाईव्ह आणि बराच हिशेब आहे.

समुद्र आपल्यापासून चार तासांवर. खरं खोल आणि स्वच्छ पाणी त्याहून लांब, विमानानं जायच्या अंतरावर. तिथला एकेक दिवस महाग पडतो, आणि तो दिवस मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात घालवला तर जीव हळहळतो. म्हणून जे काम इथल्या पोहण्याच्या तलावात आणि जेवणाच्या टेबलावर होण्यासारखं आहे, ते इथंच उरकून जावं. असं काम निम्म्याहून जास्त आहे. हा लेख त्यासाठी. इन्स्ट्रक्टरची जागा तो घेत नाही. इन्स्ट्रक्टरसमोर जाताना तुमची पाटी कोरी नसावी, एवढाच त्याचा उपयोग.

पहिलं काम : आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघा

मालवणला पर्यटकांना जी डाईव्ह करवतात ती चाचणीची डाईव्ह. तिचं जे सर्टिफिकेट मिळतं ते भिंतीवर लावायला ठीक आहे, पण त्यावर कुठलंही डाईव्ह सेंटर तुम्हाला स्वतंत्रपणे पाण्यात सोडत नाही. सोडत असेल तर ते सेंटर तुम्हीच सोडा.

पहिलं खरं लायसन्स ओपन वॉटरचं. त्याची मर्यादा १८ मीटर. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड, मर्यादा ३० मीटर. त्याच्यावर डीप स्पेशालिटी, मर्यादा ४० मीटर, आणि हौशी डायव्हिंगची हद्द तिथं संपते. पुढं जे आहे ते टेक्निकल डायव्हिंग. त्याचं सामान वेगळं, शिक्षण वेगळं, खर्चही वेगळा. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये पाच डाईव्ह असतात, त्यांतल्या डीप आणि अंडरवॉटर नेव्हिगेशन या दोन सक्तीच्या. डीप स्पेशालिटीत चार डाईव्ह आणि वयाची किमान अट १५ वर्षं. एसएसआय या तशाच दुसऱ्या संस्थेची आखणी थोडी वेगळी आहे, पण मीटरांचे आकडे तेच.

इथं माझं एक मत आहे, काही इन्स्ट्रक्टरना ते पटत नाही. नियमानं ओपन वॉटर झाल्या झाल्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हान्स्ड सुरू करता येतं. बरेच जण तसंच करतात, कारण सुट्टी एकच असते. मी सांगेन, करू नका. मध्ये निदान पंधरा-वीस साध्या डाईव्ह होऊ द्या, दहा-पंधरा मीटरच्या, निवांत. मी स्वतः घाई केली होती. तीस मीटरवर गेलो तेव्हा निम्मं लक्ष स्वतःचं शरीर आडवं धरण्यात आणि निम्मं बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तोल राखायच्या जॅकेटचं, बटण शोधण्यात. टँकमधली हवा दाखवणाऱ्या गेजकडं बघायला लक्ष उरलंच नव्हतं.

डॉक्टर आणि कान

कोर्सच्या आधी तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते. त्यात दमा, फुप्फुसाचे आजार, हृदयविकार, ब्लडप्रेशर, फिट, मधुमेह, कानाचं ऑपरेशन असे प्रश्न येतात, आणि वय ४५ च्या वर आहे का हाही. त्यात अडचणीचं ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. आपले फॅमिली डॉक्टर कितीही हुशार असले तरी डायव्हिंगचा पेशंट त्यांच्याकडं सहसा येत नाही. म्हणून प्रश्नावलीबरोबर डॉक्टरांसाठी असलेली मार्गदर्शक पानंही छापून न्या. ‘पोहायला जातोय, फिट आहे असं लिहून द्या’ असं सांगून सही घेऊ नका. कधी काळी फुप्फुस कोलमडलं होतं ही गोष्ट लपवून तीस मीटरवर जाणं म्हणजे पाटाच्या पाण्यात विजेची तार सोडण्यासारखं आहे.

कानांचा सराव मात्र आपल्याला फुकट मिळतो. फोंडा, करूळ नाहीतर आंबोली, कुठलाही घाट उतरताना कान दडे बसतात ना, तेच हे. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं किंवा नाक धरून थुंकी गिळायची. यांतली कुठली युक्ती आपल्याला लागू पडते ते घाटातच शोधून ठेवा. गंमत अशी की सातशे मीटरचा अख्खा घाट उतरून हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात एका मीटरच्या आतच वाढतो. घाटात ज्याला अर्धा तास लागतो ते पाण्यात दोन-तीन सेकंदांत. म्हणून पाण्यात कान दुखायच्या आधी मोकळे करायचे, दुखल्यावर नाही, आणि पहिल्या दहा मीटरांत सतत. सर्दी असेल तर डाईव्ह रद्द. औषध घेऊन नाक मोकळं करून गेलात आणि खाली त्याचा असर उतरला, तर वर येताना सायनसमध्ये हवा कोंडते. ते दुखणं मी एकदा भोगलंय, मास्कमध्ये रक्त घेऊन वर आलो होतो.

पावसाळा वाया घालवू नका

जून ते सप्टेंबर कोकणातलं डायव्हिंग बंद असतं. हेच चार महिने तलावातल्या कामाचे. कोल्हापूरला पोहण्याचं वेड जुनं आहे, वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू याच मातीतला. पण डायव्हिंगला त्याचा वेग लागत नाही, उलटं लागतं. न थांबता २०० मीटर पोहता यायला हवं आणि दहा मिनिटं हातपाय फार न मारता तरंगता यायला हवं. ओपन वॉटरची अट तेवढीच आहे. तुम्ही त्याच्या दुप्पट करा, म्हणजे बोटीच्या शिडीपाशी लाटेत दम लागणार नाही.

नंतर फिन्स, म्हणजे पायात घालायचे लांब पंख. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय हलवू नका, मांडीपासून हळू आणि लांब मारा. शक्य असेल तर बेडकासारखी लाथ शिका, तळातली वाळू उडत नाही. आणि श्वास. जिममध्ये जसा मोजून व्यायाम करता तसा रोज दहा मिनिटं: चार-पाच सेकंद आत, सहा-सात सेकंद बाहेर, सावकाश, कुठंही न अडवता. खोल पाण्यात हीच सवय टँक पुरवते.

एक मात्र करायचं नाही. तळाशी बसून श्वास कोंडायच्या शर्यती. तालमीत दम वाढवायला पोरं काय काय करतात मला माहीत आहे. पण भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की कार्बन डायऑक्साइड आधीच धुऊन गेलेला असतो, श्वास घ्यायची तडफड वेळेवर होत नाही आणि माणूस पाण्याखाली गपकन बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच असे जातात. शिवाय स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरलेली छाती तशीच कोंडून वर आलात, तर ती हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते.

इन्स्ट्रक्टरबरोबर तलावात स्कूबाचं सामान वापरायची सोय झाली (तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथं चौकशी करायला हरकत नाही) तर सगळा वेळ तरंगण्याच्या तोलावर घाला. कमरेचं शिसं (खाली जायला बांधायचं वजन) किती, हा पहिला प्रश्न. भरलेल्या टँकमध्ये अडीच किलोहून जास्त वजनाची नुसती हवा असते. ती संपत येते तसा टँक हलका होतो आणि शेवटी तुम्हाला वर ओढायला लागतो. म्हणून वजनाची परीक्षा टँक ५० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप, भरलेला टँक दोनशे बारचा) आल्यावर घ्यायची: पाच मीटरवर, बीसीडी रिकामं, तीन मिनिटं जागच्या जागी. जमलं तर वजन बरोबर. आणि तलावातला आकडा समुद्रात चालत नाही, खाऱ्या पाण्यात दोनेक किलो जास्त लागतं.

टेबलावरचा हिशेब, म्हणजे खरं काम

आता वही घ्या. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच.

समुद्रात दर दहा मीटरला एक बार दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, तीसवर ४, चाळीसवर ५. रेग्युलेटर तुम्हाला आजूबाजूच्या दाबाचीच हवा देतो. म्हणजे तीस मीटरवर एका श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा लागते. टँक मात्र तोच.

आधी स्वतःचं हवेचं माप काढा. साध्या डाईव्हमध्ये दहा मीटरवर बरोबर दहा मिनिटं एका पातळीवर पोहा, गेजचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहा. समजा १६० बारचे १२० झाले. आपल्याकडं सर्रास मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा टँक अकरा लिटरचा. चाळीस बार गुणिले अकरा, ४४० लिटर. भागिले दहा मिनिटं, ४४. दहा मीटरवर दाब २, म्हणून भागिले दोन: मिनिटाला २२ लिटर. हे तुमचं माप. दुधाच्या रतिबासारखं पाठ करून ठेवा. तीस मीटरवर ते होतं ८८.

आता उलट्या बाजूनं. समजा तीस मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा अचानक गेली आणि दोघांना तुमच्या एका टँकवर वर यायचंय. घाबरलेला माणूस जास्त ओढतो, माणशी मिनिटाला ३० लिटर धरा, दोघांचे ६०. खाली सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ४, २४० लिटर. तीसपासून पाच मीटरपर्यंत मिनिटाला नऊच्या वेगानं जवळपास तीन मिनिटं, मधला सरासरी दाब पावणेतीन: ४९५ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं सुरक्षेचा थांबा: २७० लिटर. शेवटचे पाच मीटर एका मिनिटात: ७५. बेरीज १०८०. भागिले अकरा. ९८ बार.

परत वाचा. दोनशे बारच्या टँकमधले जवळजवळ शंभर बार तुमचे नाहीतच. ते वर यायचं भाडं आहे. मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा बेरीज चुकली असं वाटून दोनदा केली. तोपर्यंत ‘पन्नास बारला वर या’ एवढंच ऐकलं होतं. ते दहा-बारा मीटरवर चालतं, तीसवर ते आत्मघाताच्या जवळ जातं.

उरलेले शंभर बार म्हणजे ११०० लिटर. मिनिटाला ८८ नं साडेबारा मिनिटं, तीही खाली उतरण्याचा वेळ धरून. पाडीच्या तक्त्यात तीस मीटरला डीकॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वर येताना सक्तीचे थांबे न घेता, २० मिनिटं राहता येतं, १८ मीटरला ५६ आणि ४० ला फक्त ९. म्हणजे तीसवर नायट्रोजनची मुदत संपायच्या आधी तुमची हवेची मुदत संपते. सतत २२ लिटर ओढणाऱ्यानं चाळीस मीटरचा विचार एका साध्या टँकवर करूच नये. आधी तलावात जाऊन २२ चे १६ करावेत.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा, माझ्या नाही. आणि बडीबरोबर बसून करा. दोघांच्या मापात फार फरक असेल, तर डाईव्हचा वेळ जास्त ओढणाऱ्याच्या मापानं ठरतो. त्यात कमीपणा काही नाही.

सामान

भाड्यानं सगळं मिळतं, पण डाईव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं यंत्र) स्वतःचा घ्या. तो कुणाबरोबर वाटून वापरायचा नसतो, कारण त्याच्यात तुमच्या आदल्या डाईव्हचा नायट्रोजन जमा असतो. घरी मॅन्युअल वाचा, सेटिंग सावधगिरीच्या बाजूला ठेवा आणि कुठला आवाज कशासाठी हे पाठ करा. त्याच्याबरोबर बोटीला आपली जागा दाखवणारी, फुगवायची केशरी सिग्नल ट्यूब आणि दोऱ्याची रीळ. ही ट्यूब पाच-सहा मीटरवरून वर सोडण्याचा सराव तलावात दहा वेळा करा. दोरा बोटात किंवा बीसीडीच्या हुकात अडकला तर ट्यूब तुम्हालाही घेऊन वर जाते. एक लहान टॉर्च.

चाळीसकडं जायचं असेल तर स्वतंत्र छोटा टँक बरोबर असावा. वरच्या हिशेबात एका माणसाला तीसवरून वर यायला ५४० लिटर लागतात. तीन लिटरचा छोटा टँक २०० बारला ६०० लिटर देतो. त्याच्याहून खालून यायचं असेल तर तेवढा पुरणार नाही, हिशेब नव्यानं मांडायचा.

वेटसूटबद्दल एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. त्याच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात. तीस मीटरवर ते दबतात, सूट पातळ होतो, ऊब कमी होते आणि तरंगणंही. म्हणजे वर नीट जुळलेला तोल खाली जड होतो. बीसीडीत थोडी थोडी हवा भरत उतरायचं, तळ दिसल्यावर एकदम नाही.

कुठं करायचं

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आतबाहेर. सराव डाईव्हना ते उत्तम, खोल कोर्सला पुरत नाही. गोव्याच्या ग्रँड आयलंडचंही तसंच, आणि दोन्हीकडं पाणी गढूळ असण्याची तयारी ठेवावी. मुरुडेश्वरचं नेत्राणी बेट त्याहून स्वच्छ. कोल्हापूरहून गाडीनं जाण्यासारखं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, आंग्र्यांच्या नावाचं पाण्याखालचं पठार. त्याचा माथाच वीस मीटरच्या आसपास. डोळ्यांसमोर ते असू द्या, पण उघड्या समुद्रात, किनाऱ्यापासून एवढ्या लांब शिकायला जायचं नसतं.

डीप कोर्ससाठी अंदमान. स्वराज द्वीपाजवळ, म्हणजे जुन्या हॅवलॉकजवळ, जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल अशा तीसच्या आसपासच्या जागा आहेत. डिसेंबर ते एप्रिल चांगला काळ. सेंटरला तीन प्रश्न विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागं किती जण, बोटीवर ऑक्सिजनची किट आहे का, आणि सगळ्यात जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाईव्हनंतर त्रास झालेल्याला परत दाबाखाली ठेवून बरं करायची खोली, कुठं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला जो अडखळतो त्याच्याकडं पैसे भरू नका. बरं, राधानगरीच्या नाहीतर काळम्मावाडीच्या धरणात सराव करू असं कुणी सुचवेल. धरणात परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय ३०० मीटर उंचीच्या वर डायव्हिंगचे तक्तेच बदलतात. ते वेगळं शिक्षण आहे.

तो दिवस

आदल्या रात्री दारू नाही, झोप पुरेशी, पाणी भरपूर. सकाळी पोहे किंवा केळी. तांबड्या रश्श्याची आठवण संध्याकाळसाठी ठेवा, बोट हलायला लागली की त्याची किंमत कळते.

बोटीवर इन्स्ट्रक्टरच्या सांगण्याव्यतिरिक्त बडीबरोबर चार आकडे मोठ्यानं बोलायचे: सगळ्यात खोल किती, तिथं किती मिनिटं, किती बारला मागं फिरायचं, किती बारला काहीही झालं तरी वर निघायचं. हातावर नाहीतर पाटीवर लिहून घ्या. उतरताना नांगराच्या नाहीतर बोयाच्या दोराजवळ राहा. पाच मीटरवर थांबून एकमेकांचे बुडबुडे तपासा, कुठून गळती आहे का. मग पाय खाली ठेवून, कान मोकळे करत, सावकाश.

माझ्या डीप डाईव्हला इन्स्ट्रक्टरनं बरोबर पाण्याची एक रिकामी, झाकण घट्ट लावलेली प्लॅस्टिकची बाटली घेतली होती. दहा मीटरवर ती दोन्ही बाजूंनी चेपली. वीसवर कडकड वाजली. तीसवर त्याच्या मुठीत पिळलेल्या फडक्यासारखी चपटी झालेली, आत चौथा हिस्सा जागा. त्याच्या पाटीला एक लाल पट्टी बांधलेली होती, बोटीवर ती मिरचीसारखी लाल दिसत होती. खाली ती काळपट तपकिरी. टॉर्च मारला आणि ती भसकन लाल झाली, उजेड हलवला की परत काळी. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं हे वाचलेलं होतं. पण ते बघताना मी पोरासारखा टॉर्च चालू-बंद करत बसलो.

आणि तिथंच फसलो. बोटीवर मला पाच साधे गुणाकार दिले होते, बावीस सेकंदांत सोडवले. खाली तसेच पाच दिले. तिसऱ्यावर अडलो. सात आठे किती हे मला माहीत होतं, आकडा कुठं लिहायचा ते सुचत नव्हतं. मध्ये दोनदा गेजकडं बघितलं, काटा दिसला, किती बार ते डोक्यात शिरलंच नाही. आणि वाईट काही वाटत नव्हतं, उलट मस्त वाटत होतं, भांग चढायला लागते तेव्हा वाटतं तसं. बडी गडहिंग्लजचा, एरवी शांत माणूस. त्यानं माझ्या डोळ्यांसमोर गेज धरलं, बोटानं काट्यावर टकटक केलं आणि अंगठा वर केला. डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. आठ मीटर वर आलो आणि डोकं कुणी धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

याला नायट्रोजन नार्कोसिस म्हणतात. तीसच्या आसपास बहुतेकांना थोडाफार होतो, कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि त्याच माणसाला एका दिवशी कमी तर दुसऱ्या दिवशी जास्त. थंडी, गढूळपणा, भीती, दमणूक यांनी वाढतो. उपाय एकच, वर या. त्याची सवय होत नाही, ठरवून ठेवलेल्या गोष्टी न विचार करता करायची सवय लावता येते. म्हणून ते चार आकडे पाटीवर हवेत. म्हणून खाली फार पोहू नका: चौपट दाट हवा ओढायला आणि सोडायलाच फुप्फुसाला कष्ट पडतात, त्यात जोरात लाथा मारल्या की कार्बन डायऑक्साइड साठतो, धाप लागते आणि नशा दुप्पट चढते. प्रवाहाविरुद्ध झगडायची वेळ आली तर डाईव्ह संपवायची.

वर येताना मिनिटाला नऊ मीटर, कॉम्प्युटरचा काटा बघत. बीसीडीतली हवा फुगत जाते, ती सोडत सोडत. पाच मीटरवर तीन मिनिटं, हवा असेल तर पाच. शेवटचे पाच मीटर सगळ्यात सावकाश. दाबाचा सगळ्यात मोठा बदल तिथंच होतो, आणि लोक घाई तिथंच करतात कारण बोट दिसते.

नायट्रॉक्सबद्दल थोडं

डीप कोर्सच्या जोडीला नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स करा, बराचसा वाचनाचा आहे, कोल्हापुरात बसून होतो. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणानं तीस मीटरवरची डाईव्ह नायट्रोजनच्या हिशेबात साधारण पंचवीस मीटरची होते. पण त्याला तळाची भिंत आहे: ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर न्यायचा नाही, म्हणजे ३२ टक्क्यांसाठी ३३ मीटर. त्याखाली फिट येण्याचा धोका, आणि पाण्याखाली फिट म्हणजे बुडणं. त्यामुळं चाळीसला ते चालत नाही. टँकमधलं मिश्रण स्वतः मोजा, चिकटपट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नका. आणि नायट्रॉक्सनं नशा कमी होते, हवा जास्त पुरते, ही दोन्ही बोलणी खोटी.

परतीचा घाट

हा भाग मुंबई-गोव्याच्या डायव्हरना लागत नाही, आपल्याला लागतो.

डाईव्हनंतर अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाईव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच साधी डाईव्ह असेल तर निदान १२ तास, अनेक डाईव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८ तास, आणि डीकॉम्प्रेशन करावं लागलं असेल तर त्याहून बरेच जास्त. ही मुदत केबिनमधल्या ६०० ते २४०० मीटर उंचीएवढ्या दाबासाठी आहे. आता आपला नकाशा बघा. कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. आंबोली ६९०. नेत्राणीहून हुबळी-बेळगावमार्गे आलात तर बेळगाव साडेसातशेच्या आसपास. म्हणजे आपला घाटमाथा नेमका त्या खालच्या सीमेवर बसतो. मालवणात विकत घेतलेलं वेफरचं पाकीट घाट चढून आल्यावर मागच्या सीटवर टम्म फुगलेलं असतं, ते बघितलं असेलच.

मालवणच्या सात-आठ मीटरच्या एका डाईव्हनं फार काही साठत नाही. पण दिवसभरात दोन-तीन खोल डाईव्ह करून चारला बोटीवरून उतरायचं आणि जेवायला कोल्हापूर गाठायचं, हा बेत मी करत नाही. रात्री खालीच मुक्काम, दुसऱ्या दिवशी निवांत निघायचं. अंदमानहून विमानानं येताना शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवायचा, तिकीट काढतानाच.

आणि त्रास झाला तर? सांधे ठणकणं, मुंग्या येणं, हात किंवा पाय बधिर, अंगावर जाळीदार चट्टे, न समजणारा थकवा, चक्कर. लक्षणं डाईव्हनंतर काही मिनिटांत किंवा काही तासांनीही येतात. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच: ‘जेटीवर पाय मुरगाळला असंल.’ दुसरी त्याहून धोक्याची: ‘चला, आपल्या डॉक्टरांना कोल्हापूरला दाखवू.’ असं करू नका. त्या अवस्थेत घाट चढणं म्हणजे बुडबुडे मोठे करणं. रुग्णाला सपाट झोपवा, मास्कनं शंभर टक्के ऑक्सिजन द्या, शुद्धीत असेल तर पाणी पाजा, खाली किनाऱ्यावरच्याच रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. डाईव्ह विमा काढला असेल तर त्यांच्या तातडीच्या नंबरावर लगेच बोला, कुठल्या चेंबरमध्ये जागा आहे ते तेच शोधतात. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथं अशा उपचारांची सोय आहे. मालवणहून ते लांब आहे, म्हणून वेळ घालवायचा नाही. परत पाण्यात उतरवून बरं करायचा प्रयोग तर मुळीच नाही.

मुक्कामाच्या रात्री लॉगबुक भरा. किती खोल, किती मिनिटं, सुरुवातीचे बार, शेवटचे बार, वजन किती, सूट कुठला, आणि खाली डोकं कसं चाललं. माझ्या त्या डाईव्हपुढं लिहिलेलं आहे: ‘२९ मीटर. सात आठे छप्पन्न. लिहिता आलं नाही.’ पुढच्या डाईव्हला खोली २४ टाकलेली आहे.